ताई, ताप मेंदूत जाईल का?

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या रामबागेतली एक आई माझ्याकडे आली. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मुलगा अडीच वर्षांचा, नवरा पीथमपूरला रात्रपाळीत. वर्षापूर्वी मुलाला तापात आकडी आली, तेव्हा घरी ती आणि सासूबाई दोघीच. तेव्हापासून मुलाचं अंग जरा कोमट लागलं की ही रात्रभर जागी. पर्समधून तिनं शंभरपानी वही काढली. दर वीस मिनिटांनी एक आकडा: ९९.१, ९९.४, ९९.२. एका पानावर १०२ इतकं गिरवलेलं, की कागद फाटला होता.

"ताई, ताप मेंदूत जाईल का?"

हा प्रश्न दर पावसाळ्यात माझ्यासमोर येतो. संसर्गाचा ताप सहसा १०७च्या पुढे जात नाही, आणि त्याखालचा ताप मेंदू बिघडवत नाही. मेंदूज्वरात इजा होते ती त्या संसर्गानं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात येणारी साधी आकडी बघवत नाही, पण बहुतेकदा पाच मिनिटांच्या आत थांबते.

एवढं ऐकूनही तिचा चेहरा सैल होईना. मग हळूच म्हणाली, "सासूबाई कांदा हुंगवत होत्या, तोंडात चमचा घालत होत्या. मी नुसती उभी राहिले. हातच उचलेना."

मी म्हटलं, तोंडात काही घालायचं नसतंच. मुलाला कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटं उलटली की १०८ला फोन. तुमचं राहिलं ते फक्त कुशीवर वळवणं. ती खूप वेळ रडली. वर्षभर तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग वही पुन्हा उघडली. "यात तो पाणी प्यायला का, शू कधी केली, कुठे लिहिलंय?" तिच्या बालरोगतज्ज्ञांनी दिलेला कागद समोर ठेवून आम्ही नवे रकाने आखले: पिणं, शू, खेळणं, श्वास. आठ तास शू नाही, उठवूनही नीट जाग नाही, शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, मान ताठ, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग, पुन्हा आकडी: यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, निघायचं. ताप तीन दिवस टिकला तरी दाखवायचं. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरल्यावर पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नये. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं; थेंबांची आणि सिरपची ताकद वेगळी असते, म्हणून बाटली बदलली की माप पुन्हा विचारायचं. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नये.

एक गोष्ट मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली: तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ला लगेच डॉक्टर, मग ते कितीही हसरं असो.

दिवाळीत तिचा फोन आला. बहिणीचं सात आठवड्यांचं बाळ गरम लागत होतं. दूध पीत होतं, म्हणून सगळे म्हणत होते, दुपट्यात गुंडाळलंय, त्यानं असेल. हिनं दुपटं सैल करून पुन्हा ताप घेतला: १००.६. त्याच रात्री रिक्षा करून दवाखाना गाठला. लघवीचा संसर्ग निघाला, बाळाला दाखल करावं लागलं.

"आता घरी आणलंय, ताई. आत्ताच दूध पिऊन झोपलं."