मद्य, गोळी आणि चुकलेली पाळी : वाचकांचे आरोग्यविषयक प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी 22 वर्षांची असून मूळची चंदगड तालुक्यातली आहे. नोकरीनिमित्त कोल्हापुरात राजारामपुरीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. गेल्या महिन्यात आमचा गट गोव्याला गेला होता. तिथे मी आधी दोन ब्रीझर आणि नंतर ज्यूसमधून व्होडका घेतली. त्या रात्री माझ्या मित्राशी संबंध आला. त्यातले मला अर्धेच आठवते आणि निरोध वापरला होता की नाही, हेही सांगता येत नाही. सकाळी मेडिकलमधून गर्भ राहू नये म्हणून ‘72 तासांची गोळी’ आणून घेतली, पण तासाभरात आंबोली घाटात उलटी झाली. पुन्हा गोळी मागायला जाण्याचे धाडस झाले नाही. आता पाळी 12 दिवस लांबली आहे, अंगावरून पांढरे जाते आणि खाजही येते. दारूमुळे पाळी पुढे जाते का? घरी कळले तर नोकरी बंद होईल. चूक माझीच आहे ना?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या ओझ्यापायीच तुम्ही दुसऱ्यांदा मेडिकलची पायरी चढला नाहीत आणि आजवर डॉक्टरांकडेही गेला नाहीत. मद्य घेतले ते तुम्ही. परंतु आपल्याबाबतीत काय घडते आहे आणि त्याचा परिणाम काय होईल, हे नशेमुळे उमगतच नसेल, तर त्या अवस्थेतला होकार कायदाही होकार मानत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे, आणि आधीच्या कायद्यातही ते होतेच. तक्रार करायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचे आहे. त्याविषयी मोकळेपणाने बोलायचे असेल, तर महिलांसाठी 181 हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

आता तातडीचे. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली, तर ती पुन्हा घ्यावी लागते. मद्य त्या गोळीचा गुण थेट कमी करत नाही. मात्र उलटीबरोबर गोळीच बाहेर पडली, तर संरक्षण उरत नाही. म्हणून गर्भधारणेची शक्यता धरूनच चालावे लागेल. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्टीवर उद्या सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. पाळी 12 दिवस लांबलेली असल्याने उत्तर भरवशाचे मिळेल. ही गोळी घेतल्यावरही पाळी काही दिवस मागेपुढे होऊ शकते, त्यामुळे तपासणीत काही आले नाही तर आठवड्याने पुन्हा करा. काउंटरच्या टोकाला उभे राहून इतर गिऱ्हाइके जाण्याची वाट पाहणाऱ्या आणि कागदात गुंडाळलेली पुडी न तपासताच पर्समध्ये टाकणाऱ्या किती तरी मुलींनी मला तो प्रसंग सांगितला आहे, म्हणून ही पट्टी मागणे किती जड जाते, याची मला कल्पना आहे. जमत नसेल तर खोलीवरच्या मैत्रिणीला पाठवा, पण आणखी एक दिवसही घालवू नका.

गर्भ राहिला असेल तर 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, 2021 च्या दुरुस्तीसह, अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, 18 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःचीच संमती लागते आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरी कळवण्याची अट कुठेही नाही. 9 आठवड्यांच्या आत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, मात्र तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. दुकानातून परस्पर ‘किट’ आणून खोलीवर घेण्याने जिवावर बेतू शकते.

पांढरे जाणे आणि खाज साध्या बुरशीमुळेही असू शकते, परंतु तपासल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये लक्षणेच दाखवत नाही आणि उपचार न केल्यास पुढे गर्भनलिकांना इजा करतो. एचआयव्ही टाळण्याची औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ निघून गेली आहे, म्हणून आता एक तपासणी आणि त्या घटनेला तीन महिने झाल्यावर दुसरी, अशा दोन कराव्यात. दसरा चौकाजवळच्या सीपीआर रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ही चाचणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल दिले गेले, तर त्या दिवसांत मद्य पूर्ण वर्ज्य करा.

राहिला पाळीचा प्रश्न. एका रात्रीच्या मद्याने पाळी 12 दिवस सहसा लांबत नाही. सतत आणि जास्त पिण्याने मात्र संप्रेरकांचे चक्र बिघडते, बीजनिर्मिती अनियमित होते आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘ब्रीझर म्हणजे सरबत’ हा समज मला फार काळजीचा वाटतो. सुमारे 5 टक्क्यांच्या 275 मिलिलिटर बाटलीत जेवढे अल्कोहोल असते, जवळपास तेवढेच व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये असते. गोडव्यामुळे ते जिभेला जाणवत नाही, इतकेच. शिवाय स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी आणि जठरातील अल्कोहोल मोडणारे विकरही कमी असते. त्यामुळे मित्राच्या बरोबरीने घेतलेल्या तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातली पातळी अधिक चढते, आणि निरोधाचा आग्रह धरण्याची किंवा ‘नको’ म्हणण्याची ताकद आधी तिचीच जाते.

प्रश्न : पाळीत पोट दुखते म्हणून गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी घे, असे होस्टेलवरच्या मुली सांगतात. चालेल का? (वय 19, कागल)

उत्तर : चालणार नाही. ब्रँडीने घटकाभर ऊब वाटते, परंतु गर्भाशयातील कळा ज्या प्रोस्टाग्लँडिन द्रव्यामुळे येतात, ते त्याने कमी होत नाही. मेफेनॅमिक आम्लाची गोळी त्यावर काम करते. ती डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर घ्यावी आणि तिच्यासोबत मद्य अजिबात घेऊ नये, कारण दोन्ही मिळून जठराच्या अस्तराला इजा करतात. दर महिन्याला कॉलेज बुडवावे लागण्याइतके दुखत असेल, तर एकदा सोनोग्राफी करून घ्या.