फ्रीजचा गॅस वरचेवर संपतो, मेकॅनिकला लिकेज सापडत नाही. घरच्या घरी शोधता येईल का? सीलर टाकून चालेल का?

गॅस संपत नाही हो. तुमच्या प्रश्नातलं "वरचेवर संपतो" वाचलं आणि लिहायला बसलो, कारण या दोन शब्दांवरून आमच्याकडे जेवढे वाद झालेत तेवढे इस्टेटीवरूनही झाले नसते. फ्रीजची नळी कारखान्यात एकदा बंद झाली की गॅस आतल्या आत फिरत राहतो. द्रव होतो, वाफ होते, पुन्हा द्रव. तो वापरात जळून जात नाही, झिजत नाही, शिळा होत नाही. कमी झाला म्हणजे बाहेर गेला, आणि बाहेर गेला म्हणजे कुठेतरी भोक आहे. मेकॅनिकला सापडत नाही याचा अर्थ त्याने नीट शोधलेलं नाही, एवढाच.

सीलरचं आधी सांगून टाकतो: नको. कॅपिलरी म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक नळी; तिचं छिद्र साधारण ०.७ मिलिमीटरचं असतं. ओलावा लागला की घट्ट होणारं रसायन त्या वाटेने फिरवायचं आणि ते फक्त भोकापाशीच घट्ट होईल अशी आशा धरायची, हा जुगार आहे. सिस्टीममध्ये आधीच ओलावा शिरला असेल, आणि गळक्या फ्रीजमध्ये तो बऱ्याचदा शिरलेला असतो, तर कॅपिलरीच बंद होते. मग गळतीही राहिली आणि चोकही झाला.

आता माझ्या ताईचा फ्रीज. साधा एकदाराचा, आर-६००ए गॅसचा. मी काही वर्षं याच धंद्यात होतो, आता नाही. पण घरात कोणाचा फ्रीज बिघडला की फोन मलाच येतो. हा मात्र आला नव्हता, कारण भाऊजींचा स्वतःचा मेकॅनिक होता. तो येई, चार जॉइंटना साबणाचा फेस लावी, फुगा येत नाही हे भाऊजींना दाखवी, "लिकेज नाही, नुसता गॅस कमी झालाय" म्हणे आणि भरून जाई. काही महिने बरे जात, मग पुन्हा तेच. "लिकेज नाही" आणि "गॅस कमी झालाय" ही दोन वाक्यं एका दमात कशी बोलता येतात हे मला आजही कळलेलं नाही. भाऊजींना ती पटत. त्यांचं म्हणणं एकच: "गाडीचं ऑइल आपण बदलतोच ना? तसंच हे."

शेवटी ताईनेच बोलावलं. मागे हात घातला तर कॉम्प्रेसर चटका बसेल इतका तापलेला, मधूनमधून ओव्हरलोडवर (फार तापला की तोडणाऱ्या स्विचवर) कट् करून बंद पडत होता. फ्रीजरमध्ये बर्फ फक्त कॅपिलरी जिथे कॉइलला (फ्रीजर थंड करणाऱ्या नळीला) मिळते त्या कोपऱ्यात, बाकी कॉइल कोरडी. एवढं पाहून कोणीही गॅस कमी म्हणेल. पण गॅस नुसताच कमी असेल तर कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी नळी) कोमट लागतो, कारण त्याला बाहेर टाकायला उष्णताच नसते. इथे कंडेन्सरचा वरचा भाग चांगला गरम होता. हे जुळत नव्हतं. गॅस कमी आणि दाब जास्त, म्हणजे आत गॅस सोडून आणखी काहीतरी होतं. हवा.

आणि इथेच साबणाची सगळी फजिती आहे. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. त्याचा उत्कलनबिंदू वातावरणाच्या दाबाला उणे ११.७ अंश. फ्रीजरची कॉइल त्याहून थंड चालते, म्हणजे फ्रीज चालू असताना कॉइलमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. उणे २० ला वातावरणाच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी. त्या बाजूला भोक असेल तर गॅस बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. फुगा येणार कुठून? उलट साबणाचं पाणीच आत जायचं. ती हवा कंडेन्सरमध्ये साचते, द्रव होत नाही, दाब चढवते. फ्रीज बंद झाला, कॉइल गरम झाली की दाब उलटतो आणि तेव्हा गॅस बाहेर पडतो. भाऊजी मागे उभे राहून सांगत होते, "साबण माझ्यासमोर लावला होता त्याने." लावला असणारच. चालू फ्रीजला लावला होता.

मी प्लग काढला, दार सताड उघडं ठेवलं आणि कॉइल खोलीच्या तापमानाला येऊ दिली. नुसता प्लग काढून चालत नाही. कॉइल थंड असेतो आतला दाबही खालीच राहतो. संशय आधी मेकॅनिकने चार्जिंग लाइनवर (गॅस भरायच्या नळीवर) ठेवून दिलेल्या पिनच्या व्हॉल्व्हवर होता, असे व्हॉल्व्ह बऱ्याचदा गळतात. तो चक्क ठीक निघाला. मग कॉइलची ॲल्युमिनियमची नळी तांब्याच्या नळीला मिळते तो जोड पाहिला. त्यावर काळी स्लीव्ह असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. स्लीव्हच्या कडेला धूळ धरलेला तेलकट डाग होता; गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं. स्लीव्ह कापली तर खाली पांढरी भुकटी. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये ओल राहिली तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. फ्रीज जुना असो की नवा. साबण लावला, काही होईना. भाऊजींनी घसा खाकरला. थोड्या वेळाने बारीक बारीक फेस धरू लागला, फुगा म्हणावा असाही नाही.

तेवढ्यावर थांबायचं नसतं, कारण दुसरंही भोक असू शकतं. उरलेला गॅस लांब पाइपने उघड्या हवेत सोडला (घरात कुठेही ज्योत नाही, ठिणगी नाही), आतून नायट्रोजन फिरवला, मग ड्रायर (ओलावा धरणारी छोटी नळकांडी) कापून हाय साइड (जास्त दाबाची, कंडेन्सरची बाजू) आणि लो साइड (कमी दाबाची, कॉइलची बाजू) वेगळ्या करून दोन्हींत नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला. रेग्युलेटर लावूनच, आणि दहा बारच्या वर नाही; कॉइलचा पत्रा पातळ असतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. एक बारकावा: खोलीचं तापमानही लिहून ठेवा. तीन अंशांनी उतरलं तर गळती नसताना गेज दशांश बारने खाली दिसतं आणि माणूस उगाच भोक शोधत बसतो. आमची हाय साइड जागची हलली नाही, लो साइड उतरली. म्हणजे तोच जोड.

खराब भाग कापून लोकरिंगचा, म्हणजे न तापवता नुसता दाबून बसवायचा, जोड बसवला. ॲल्युमिनियम आणि फोमजवळ झाळायची पेटती टॉर्च न्यायची गरजच काय? ड्रायर नवा. तो प्रत्येक वेळी नवाच हवा, आणि जुना तापवून न काढता कापून काढायचा, नाहीतर त्याने धरलेला ओलावा परत नळीत जातो. मग व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (म्हणजे आत जवळजवळ काहीच उरत नाही), पंप बंद करून तो तिथेच टिकतो का हे पाहून, फ्रीजच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरला. आर-६००ए च्या घरगुती फ्रीजमध्ये गॅस असतो किती? बहुतेकदा ३० ते ८० ग्रॅम. ५० ग्रॅमच्या फ्रीजमध्ये पाच ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे दहा टक्के चूक. "गेजवर अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शेवटी चार्जिंग लाइन पिंच करून (चिमटून) टोक बंद केलं. पिनचा व्हॉल्व्ह काढून टाकला.

तेव्हापासून फ्रीज चालू आहे. भाऊजींचं आता मत असं की या वेळचा गॅस चांगल्या प्रतीचा होता.

तरी त्यांच्या बाजूने थोडं बोलतो. गॅस भरत राहावा लागतो ही समजूत हवेतून आलेली नाही. मोटर बाहेर आणि कॉम्प्रेसरचा शाफ्ट सीलमधून आत, अशा मशीनमधून गॅस खरोखरच हळूहळू जातो. गाडीच्या एसीत आजही जातो. १९२० च्या दशकातल्या फ्रीजमध्ये तर सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत. बर्लिनमधलं एक कुटुंब अशा गळतीने दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ सहकारी झिलार्ड यांनी १९२६ च्या सुमारास, ज्यात हलणारा भागच नाही असा फ्रीज रचायला घेतला होता. पण घरगुती फ्रीजपुरता हा प्रश्न जनरल इलेक्ट्रिकच्या 'मॉनिटर टॉप' या फ्रीजने १९२७ मध्येच सोडवला: मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात, शाफ्ट बाहेर येतच नाही. भाऊजी शंभर वर्षं मागे आहेत, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्याकडे वळतो. घरी डोळ्यांनी बरंच कळतं. फ्रॉस्ट-फ्री असेल आणि मागची कॉइल बर्फाने पूर्ण गच्च असेल, तर गॅसला हात लावू देऊ नका, डीफ्रॉस्ट बिघडलंय. कॉइलवर सगळीकडे सारखा पातळ थर असेल तर गॅस बरोबर आहे, पंखा किंवा दाराचं रबर पाहा. एकाच टोकाला बर्फ असेल तर गॅस कमी किंवा कॅपिलरी चोक. फ्रीज बंद केल्यावर गॅस सरकल्याचा सूं आवाज येतो. चोक असेल तर तो येत नाही किंवा फार वेळ रेंगाळतो. बंद ठेवून वितळल्यावर थोडा वेळ छान चालतो आणि पुन्हा अडतो, तर आत ओलावा आहे. कुठेच बर्फ नाही आणि कंडेन्सरही गार असेल तर गॅस पूर्ण गेलाय किंवा कॉम्प्रेसर दाबतच नाही.

मग तेलकट डाग शोधा: चार्जिंग लाइनचं टोक, ड्रायरची दोन्ही टोकं, कॉम्प्रेसरवरच्या पाण्याच्या ट्रेमधली नळी, तांबं-ॲल्युमिनियमचा जोड. बर्फ खरवडायला सुरी वापरली असेल तर कॉइल आधी. वासाची वाट पाहू नका, फ्रीजच्या गॅसमध्ये स्वयंपाकाच्या गॅससारखा वास मिसळलेला नसतो.

शोधणं इथपर्यंतच घरी. पुढचं घरी करू नका. आर-६००ए ज्वलनशील आहे, हवेत १.८ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि जड असल्याने जमिनीलगत साचतो. तुमच्या फ्रीजच्या पट्टीवर १३४ए (दुसरा, न पेटणारा गॅस) लिहिलं असेल तर त्यात ६००ए भरू देऊ नका. तिथले थर्मोस्टॅट आणि दिव्याचे स्विच ठिणगी आत धरणारे नसतात. आणि १३४ए हवेतही सोडू देऊ नका, तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त भारी आहे.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण नायट्रोजन लावल्यावर तेच ठरतं. हाय साइड उतरली आणि दाराच्या चौकटीतली नळी दोषी निघाली, तर ती वगळून बाहेरून जोडता येते; ती नळी चौकट कोमट ठेवत असते, म्हणून मग चौकटीला दमट हवेत घाम येईल, तेवढं सोसा. कॉइल फोमच्या आत असेल आणि तिथे गळत असेल, तर मेकॅनिक कितीही उत्साही असो, मागचा पत्रा फाडू देऊ नका. नवा घ्या.