पंचगंगेचे आकडे रोज येतात, त्यातले नेमके कोणते बघायचे?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात नवीन आहात, नदीच्या अंगाला भाड्यानं घर घेतलंय, आणि पाऊस, धरण, क्युसेक असे ढीगभर आकडे मोबाईलवर येतात. काय बघून घर हलवायचं ठरवायचं? मी चिखलीकडचा शेतकरी. 2019 आणि 2021, दोन्ही महापुरांत आमच्या घरात पाणी होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक काम उघडीप असतानाच करून ठेवा. घरमालकाला किंवा शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर खूण बहुतेक सापडतेच. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर, म्हणजे जिथं पंचगंगेची पातळी मोजतात तिथं, नदी 55 फूट 7 इंचांवर गेली होती, 2021 ला 56 फूट 3 इंचांवर. उंबऱ्यापासून खुणेपर्यंत टेप लावा आणि 2019 च्या आकड्यातनं तेवढं वजा करा. समजा 2019 ची खूण उंबऱ्याच्या 6 फूट वर आहे, तर बंधाऱ्यावर साडेएकोणपन्नास फूट झाले की पाणी तुमच्या दारात. नदीला उतार असतो, त्यामुळं हे इंचाइंचाला जुळत नाही; दोन फूट हाताशी ठेवूनच निघा. सरकारी इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, पण 43 ला कुणाच्या गोठ्यात पाणी असतं आणि कुणाला पत्ताही नसतो.

पातळीपेक्षा मी चढ जास्त बघतो. दर तासाला किती इंच? तासाला एखादा इंच चढत असेल तर जेवून, जनावरं सोडून, सामान माळ्यावर टाकून निघता येतं. तासाला तीन-चार इंच चढायला लागलं की सामानाचा नाद सोडायचा. आमचे वडील पाण्याच्या कडेला काठी रोवायचे आणि बॅटरी घेऊन तासातासानं बघून यायचे. काठी बुडाली की एक पाऊल मागं दुसरी. मी आजही तेच करतो, कारण मोबाईलवरच्या आकड्यानं 2019 ला आम्हाला फसवलं. कुणीतरी सकाळची पातळी रात्री पुढं पाठवली, त्यावर वेळच नव्हती. आम्ही म्हटलं, अजून अवकाश आहे. पहाटे दोन म्हशी कमरेएवढ्या पाण्यातनं बाहेर काढल्या. धान्याची पोती काढता आली नाहीत. ज्या आकड्यापुढं तारीख आणि वेळ नाही तो वाचूच नका.

आता वरच्या अंगाचं. जिल्ह्याची सरासरी बघू नका, तिच्यात शिरोळचा शिडकावा आणि गगनबावड्याचा धो-धो पाऊस एकत्र मिसळलेला असतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा एवढे तालुके वेगळे काढून बघा. सकाळी येणारा आकडा आदल्या सकाळपासूनच्या चोवीस तासांचा असतो, म्हणजे त्यातलं बरंचसं पाणी आधीच वाटेला लागलेलं असतं. आमच्या अनुभवात तिकडं रात्रभर कोसळला की दुसऱ्या दिवशी इकडं नदी फुगते.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की गावात एकच धावपळ उडते. ती बातमी महत्त्वाची आहेच, पण नीट समजून घ्या. एका दरवाजातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी येतं, सातही उघडले तर दहा हजाराच्या आसपास. एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी दिवसात सोडायला साडेअकरा हजार क्युसेक लागतात. नुसत्या त्या दरवाजांनी महापूर येत नाही. राधानगरी 8.36 टीएमसी, तुळशी 3.47, कासारी 2.77, कुंभी 2.71, चारी धरणं मिळून सव्वासतरा, आणि तिकडं कोयना एकटी 105. आपली धरणं लहान, लवकर भरतात, आणि भरल्यावर पडेल तो पाऊस सरळ खाली येतो. धरणांच्या खालच्या डोंगरातला पाऊस तर अडतच नाही. म्हणून ‘धरण 100 टक्के’ आणि ‘घाटात जोर कायम’ या दोन बातम्या एकाच दिवशी आल्या की मी गोठा रिकामा करायला घेतो.

पाणी उतरायचं मात्र खालच्या अंगावर ठरतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून चालली असली की आपलं पाणी पुढं सरकत नाही, मागं फूग येते. त्यासाठी सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघायची. इकडं ऊन पडलंय म्हणून घर धुवायला घेऊ नका. आयर्विनचं पाणी उतरणीला लागू द्या.

बोअरच्या पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा, हेही विचारलंय तुम्ही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातनं चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्यातनं तालुक्याचा अंदाज येतो, तुमच्या बोअरचा नाही, कारण आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि वरच्या मुरमात असतं. एका बांधावर लागतं, शेजारी कोरडं. शिरोळकडं तर उलटंच दुखणं, उसाला पाणी देऊन देऊन जमिनीखालचं पाणी वर आलंय आणि रानं क्षारपड झालीत. आवारात जुनी विहीर असेल तर त्याच चार महिन्यांत, रात्रभर मोटर बंद ठेवून, सकाळी दगड बांधलेली दोरी सोडा आणि काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते तारखेसकट लिहून ठेवा.