दसऱ्याच्या रात्री खिंड कोणी सोडली? वाचकांची प्रश्नोत्तरे

12 ऑक्टोबर 2024, शनिवार, दसरा. कोलंबसमध्ये आमच्या तळघरात पंधरा-वीस मराठी माणसं, पोटात श्रीखंड-पुरी, खिशात आपट्याची पानं आणि समोर अमेरिकन कॉलेज फुटबॉल: ओहायो स्टेट विरुद्ध ऑरेगन. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे संघ, सामना तिकडे युजीनच्या ऑट्झन स्टेडियमवर. पॅसिफिकच्या काठावरचा ऑरेगन त्याच वर्षी मध्य-पश्चिमेच्या बिग टेन या संघांच्या गटात आला होता, म्हणजे सीमोल्लंघन त्यांनी आधीच केलेलं. रात्री अकरा वाजून गेल्यावर आपण, म्हणजे ओहायो स्टेट, 32-31 असे हरलो आणि तळघरात वाद सुरू झाला: आपला पासिंगचा बचाव, म्हणजे समोरच्याचे पास अडवणं, इतका भुसभुशीत कसा?

पुढे ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झाला, तरी त्या रात्रीबद्दलची पत्रं थांबत नाहीत. मागच्या लेखात मी तिचा ओझरता उल्लेख केला आणि पेटी पुन्हा भरली. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न: सरळ बोला ना. डेन्झल बर्कनेच आपल्याला हरवलं की नाही? त्याला बसवायला हवं होतं. (हिलियर्ड, ओहायो)

बर्क आपला कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला पास झेलणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा. त्याची रात्र वाईट गेली, हे झाकण्यात अर्थ नाही. ऑरेगनचा रिसीव्हर एव्हन स्ट्युअर्ट याने 7 झेल आणि 149 यार्ड काढले, त्यातले बरेचसे बर्कच्या डोक्यावरून. पण त्या रात्रीचा दुसरा आकडा तळघरात कोणाच्याच तोंडी नव्हता. ऑरेगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, डिलन गॅब्रिएल याने 34 वेळा चेंडू फेकला आणि आपण त्याला फेकण्याआधी एकदाही पाडलं नाही. एकही सॅक नाही! जॅक सॉयर, जेटी तुइमोलोआउ, टायलिक विल्यम्स यांच्यासारखी माणसं पुढे असताना.

कबड्डीत बघा. कोपरारक्षकाने घोटा पकडला, पण साखळी आलीच नाही, तर चढाईपटू त्याला फरफटत नेऊन रेषेला हात लावतोच. प्रेक्षक शिव्या कोपऱ्यालाच घालतात, कारण रेषेपाशी तोच लोळत असतो. कॉर्नरबॅकचं तसंच आहे. कॅमेरा चेंडूमागे जातो आणि चेंडू जिथे पडतो तिथे कॉर्नर एकटा सापडतो. चाळीस यार्ड मागे क्वार्टरबॅकला चहा पिऊन कप विसळायला वेळ मिळाला होता, हे कोणी दाखवत नाही.

चांगला कॉर्नर चांगल्या रिसीव्हरला अडीच-तीन सेकंद चिकटून राहू शकतो. रिसीव्हरला कुठे वळायचं ते माहीत असतं, कॉर्नरला ते ओळखायचं असतं, आणि तेही उलटं धावत. चौथ्या सेकंदाला जगातला कोणताही कॉर्नर हरतो. म्हणून पासिंगचा बचाव ही पुढच्या चौघांची आणि मागच्या सातांची सामाईक उधारी आहे. वसुलीला माणूस मात्र मागच्यांच्याच दारी येतो.

आणि बसवायचं म्हणता, तर त्याच्या जागी कोण? हंगामाच्या शेवटी ओहायो स्टेटचा बचाव देशात पहिला होता: सामन्यामागे सरासरी 12.9 गुण दिले, इतरांपेक्षा कमी.

प्रश्न: माझा मुलगा कोलंबसला एम.एस. करतोय. दर शनिवारी फोनवर ‘मॅन होता, झोन हवा होता’ असं काहीबाही बोलतो. मला क्रिकेट कळतं, त्यात सांगाल का? (पुणे)

सांगतो, काकू. मॅन म्हणजे प्रत्येक बचावपटूला एकेक माणूस नेमून दिलेला: तो जाईल तिथे तू जा. झोन म्हणजे क्षेत्ररक्षण: तुझा तुकडा तू सांभाळ, त्यात येईल तो तुझा. सगळ्यात मागे उभा असतो तो सेफ्टी. त्याला तुम्ही सीमारेषेवरचा लाँग-ऑन समजा. एक सेफ्टी मागे ठेवला तर पुढे एक माणूस जास्त मिळतो, धावून येणाऱ्याला अडवायला. दोन ठेवले तर लांबचे फटके थांबतात, पण एकेरी धावा मोकळ्या होतात. कर्णधार लाँग-ऑनला आत बोलावतो आणि पुढच्याच चेंडूवर फलंदाज डोक्यावरून मारतो, तेव्हा आपण कर्णधाराला मूर्ख म्हणतो. शनिवारी तुमचा मुलगा तेच करतो, म्हणजे काळजीचं कारण नाही.

प्रश्न: दाब येत नव्हता तर जिम नोल्सनी जास्तीची माणसं का धाडली नाहीत? ब्लिट्झ करायला कसली भीती? (शिकागो)

भीती नव्हे, आठवण. 26 नोव्हेंबर 2022, कोलंबसमध्येच, समोर मिशिगन. बचाव प्रशिक्षक म्हणून नोल्स यांचं ते पहिलंच वर्ष. तिसऱ्या डाउनवर (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर) त्यांनी मागे कोणालाच न ठेवता माणसं पुढे सोडली. मिशिगनने जवळचा साधा पास टाकला, एक टॅकल हुकली आणि कॉर्नेलियस जॉन्सन 69 यार्ड पळाला. त्यानंतर त्याच जॉन्सनने 75 यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. 45-23 असा निकाल लागला. घरचं मैदान, लाखभर लोक आणि शेवटच्या भागात कानठळ्या बसवणारी शांतता. मी तिथे होतो. घरी येताना गाडीत कोणी रेडिओसुद्धा लावला नाही.

त्यानंतर दोन वर्षं नोल्स यांनी मागची फळी भक्कम केली आणि पुढच्या चौघांनी आपल्या ताकदीवर दाब आणावा असं धोरण ठेवलं. ते दुबळ्या संघांपुढे चाललं, ऑरेगनपुढे उघडं पडलं. म्हणजे 2022 मध्ये ते फार धाडस केल्याने हरले आणि 2024 मध्ये फार जपून खेळल्याने. ओरडणारे दोन्ही वेळी तेच होते, हे वेगळं सांगायला नको.

ऑरेगननंतरच्या शनिवारी सामना नव्हता. त्या मोकळ्या पंधरवड्यात जो बदल झाला तो मला फार आवडतो, कारण तो तळघरातल्या कोणाला सुचला नव्हता. माणसं वाढवायची नाहीत, फक्त कोण येणार हे लपवायचं. सहा जण रेषेवर ठाकतात, येतात चारच, पण ते नेहमीचे चार नसतात. एक टोकाचा खेळाडू मागे सरकून झोन धरतो आणि मधल्या फळीतला लाइनबॅकर मधून घुसतो. मागे सातजण शाबूत, आणि क्वार्टरबॅकला वाटतं की ब्लिट्झ आला. अलाबामाहून आलेला सेफ्टी केलेब डाउन्स यात सोन्यासारखा उपयोगी पडला: कधी पार मागे, कधी रेषेला खेटून. चेंडू हलायच्या आधी तो कुठे उभा आहे यावरून तो नंतर कुठे असेल हे सांगता येईना.

प्रश्न: तुम्ही बचाव सुधारला म्हणता, पण हंगामअखेरीस रोझ बोल सामन्यात ऑरेगन पुन्हा समोर आला, तेव्हा त्याच गॅब्रिएलने 299 यार्ड फेकले. 341 चे 299 झाले, एवढीच ना सुधारणा? (सिनसिनाटी)

आकडा बरोबर, हिशेब चुकला. ऑक्टोबरमध्ये 34 फेकींत 341, म्हणजे फेकीमागे 10 यार्ड. 81 दिवसांनी, 1 जानेवारी 2025 ला, 41 फेकींत 299, म्हणजे साधारण 7.3. आणि ओहायो स्टेट चारपैकी दुसऱ्या भागातच 34-0 असा पुढे गेल्यावर ऑरेगनला फेकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इतक्या आघाडीवरचा संघ लहान पास देऊ करतो, घड्याळ तेवढं चालू राहू दे म्हणतो. अंतिम गुण 41-21.

आता न दिसणारा भाग. त्या दिवशी गॅब्रिएलला 8 वेळा पाडलं. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड पासिंगमधून नाही, धावण्यातून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात. म्हणून रोझ बोलच्या तक्त्यात ऑरेगनचं धावणं उणे 23 यार्ड दिसतं आणि पासिंग 299 असं गुबगुबीत. पासिंगच्या बचावाची सगळ्यात मोठी कमाई दुसऱ्याच खात्यावर जमा झाली! कॉलेजचा ‘सामन्यामागे पासिंग यार्ड’ हा आकडा मी म्हणूनच बघत नाही. फेकीमागे किती आणि वीस यार्डांपेक्षा लांब किती सुटले, एवढं बघा.

एक मान्य करतो: रोझ बोलमध्ये स्ट्युअर्ट दुखापतीमुळे खेळला नाही. ते श्रेय आपल्या बचावाचं नाही.

प्रश्न: आपले कॉर्नर सारखे शर्ट का ओढतात? डेव्हिसन इग्बिनोसनवर तर दंडाचा झेंडा पडला नाही असा शनिवार आठवत नाही. प्रशिक्षक शिकवत नाहीत का? (डब्लिन, ओहायो)

शिकवतात. पण कधीकधी ओढणंच स्वस्त पडतं. एनएफएलमध्ये पासला अडथळा आणला तर चेंडू गुन्ह्याच्या जागी नेतात, चाळीस यार्ड तर चाळीस. कॉलेजमध्ये दंड जास्तीत जास्त 15 यार्ड आणि फर्स्ट डाउन, म्हणजे चार नवे प्रयत्न. समोरचा निसटून टचडाउनला निघालाय, तर धरून 15 देणारा कॉर्नर अडाणी नसतो. इग्बिनोसनचा त्रास असा की तो निसटलेल्यालाही धरायचा आणि न निसटलेल्यालाही.

कॉलेजचं मैदानही कॉर्नरवर अन्याय करतं. मैदानाची रुंदी 160 फूट. चेंडू ज्या दोन आखणींच्या मध्ये ठेवतात, त्या एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर असतात आणि कॉलेजमध्ये तब्बल 40 फुटांवर. चेंडू डाव्या आखणीवर असला की उजवीकडे 100 फूट मोकळं रान. तिथे एकटा उभा असलेला पोरगा वीस वर्षांचा असतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी त्याची परीक्षा असते.

प्रश्न: शेवटी ऑरेगनने बारा माणसं उतरवली, ती फसवणूक नव्हती का? (बे एरिया)

सामन्याला 10 सेकंद बाकी, आपलं तिसरं डाउन आणि 25 यार्ड हवेत. आमच्या घरी सगळे उभे. ऑरेगनचा बारावा माणूस मैदानात, म्हणजे मागे एक जादा राखणदार. आपला क्वार्टरबॅक विल हॉवर्ड याचा पास पडला. दंड 5 यार्ड, पण चार सेकंद उडाले ते उडालेच. उरलेल्या सहा सेकंदांत हॉवर्ड स्वतः पळाला, घसरून बसला आणि घड्याळ शून्यावर. माझ्या मेहुण्याने हातातली पुरी तशीच ताटात ठेवली ती पहाटेपर्यंत तिथेच होती.

ऑरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी दोन दिवसांनी, हा प्रसंग आपण तयारीत धरला होता, असं सूचित केलं. नियमात ते बसत होतं, म्हणून फसवणूक म्हणणार नाही. चलाखी म्हणेन, आणि मनातल्या मनात दाद देईन. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने आठवड्याच्या आतच खुलासा काढला: शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं तर चढाई करणाऱ्या संघाला गेलेले सेकंद परत मागता येतात. बारावा माणूस ठेवून पासिंगचा बचाव सुधारतो, एवढं मात्र सिद्ध झालं.

प्रश्न: 13-10 विसरलात वाटतं? (अ‍ॅन आर्बर)

विसरू कसे देता तुम्ही. 30 नोव्हेंबर 2024 ला मिशिगनने हरवलं खरं, पण पासिंगवर त्यांनी 62 यार्ड काढले आणि दोन पास आपल्या हातात दिले. त्या हारीचं खापर आपल्या चढाईवर फोडा. पुढचा प्रश्न.

प्रश्न: माझ्या मुलीला पासिंगचा बचाव समजावायचाय. एकच प्ले दाखवायचा तर कोणता? (पिकरिंग्टन, ओहायो)

तुमच्याच गावच्या पोराचा. 10 जानेवारी 2025, कॉटन बोल, समोर टेक्सस. आपण 21-14 पुढे, दोन मिनिटांहून थोडं जास्त बाकी. टेक्ससला एक यार्ड हवा होता, पण एका फसलेल्या टॉसमध्ये (बाजूला चेंडू देऊन पळण्यात) ते मागे गेले आणि आता चौथं डाउन, आठ यार्ड. त्यांचा क्वार्टरबॅक क्विन एवर्स मागे सरकला. जॅक सॉयर कडेने आला, एवर्सच्या हातून चेंडू उडवला, तोच उचलला आणि 83 यार्ड पळाला. 28-14. एवर्स पूर्वी ओहायो स्टेटला असताना हे दोघे एकाच खोलीत राहायचे.

मुलीला हा प्ले तीनदा दाखवा. पहिल्यांदा ती सॉयरला बघेल, बघू दे. दुसऱ्यांदा एवर्सचा हात दाखवा, चेंडू त्यातून लवकर सुटत नाही. तिसऱ्यांदा सॉयरवर हात धरा, तो दिसताच कामा नये, आणि मागच्या पट्ट्यात आपली माणसं कुठे उभी आहेत ते तिलाच बोट ठेवून मोजायला सांगा.