वाघावर चादर

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकचे दहा-बारा मित्र. गणपतीची वर्गणी उरली आहे, त्यातून सरकारी रुग्णालयातला लहान मुलांचा वॉर्ड रंगवायचं ठरलंय. आमच्यात दोघं चित्रकार आहेत. जंगल, कार्टून असं काही काढावं म्हणतोय. तुम्ही इतकी वर्षं मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सिस्टर होतात, काय सुचवाल?

उत्तर : वर्गणी उरली आणि ती डीजेवर गेली नाही, याबद्दल आधी शाबासकी!

जंगल काढा, पण वाघ जरा जपून. आमच्या वॉर्डात अशीच हौशी मंडळी येऊन समोरच्या भिंतीवर हा भलाथोरला वाघ काढून गेली. दिवसा झकास दिसायचा. रात्री मोठे दिवे मालवले की टेबलावरच्या दिव्याची तिरीप नेमकी त्याच्या डोळ्यांवर. सात नंबरच्या खाटेवर बीडकडचा पाच वर्षांचा मुलगा होता, तो तीन रात्री झोपला नाही. आम्हाला वाटलं, दुखतंय. औषध वाढवायचं चाललं होतं, तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, तो वाघाकडं बघतोय." दोन खिळे ठोकले, वाघावर हिरवी चादर टाकली. पोरगं नऊ वाजता घोरायला लागलं. पुढे घरी जाईपर्यंत रोज संध्याकाळी मला विचारायचा, "वाघाला झोपवलं का?"

तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी एका रिकाम्या खाटेवर उताणे पडा आणि काय दिसतं ते बघा. धूळ धरलेला पंखा, डोळ्यांत घुसणारी ट्यूबलाइट, सलाइनची बाटली. मुलं तासन्‌तास हेच बघत असतात. छत रंगवा. ट्यूबलाइटचा उजेड मऊ करता येतो का, ते तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारा.

उपचारांची खोली तर विसरूच नका. पाठीत सुई घालताना मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन धरतात. तेव्हा त्याचे डोळे भिंतीवर टेबलाच्याच उंचीला असतात. तिथे बारीकसारीक, शोधावं लागेल असं काढा : पानामागची गोगलगाय, एक बूट हरवलेली मुंगी. आम्ही सुया टोचायच्या त्या त्याच खोलीत, जमेल तेवढं खाटेवर टाळून. खाट त्या मुलाची. निदान तिथे तरी त्याला दचकायला लागू नये.

रंग उग्र वासाचे नकोत, केमो चालू असलेल्या पोरांना टर्पेंटाइनच्या नुसत्या वासाने उलटी होते. भिंती वरचेवर पुसतात, म्हणून धुता येणारा रंग घ्या. काम चालू असताना मुलं दुसरीकडे हलवायची, त्याची परवानगी आधी काढा. आणि पैसे उरले तर पाठ टेकता येतील अशा घडीच्या खुर्च्या द्या. आया खाटेखाली चटईवर झोपतात आणि सलाइन संपत आलं की डोकं आपटून उठतात.

प्रश्न : ताई, माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा रक्ताचा कॅन्सर दुसऱ्यांदा उलटला आहे. डॉक्टरांनी 'पॅलिएटिव्ह केअर'कडे पाठवलं, मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. माझी आई म्हणते, त्यांनी हात टेकले, आणि हे अफूचं औषध, पोरीला सवय लागेल. मुलगी सारखी विचारते, घरी कधी जायचं? (एक वडील, सोलापूर जिल्हा)

उत्तर : दादा, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजाराचा त्रास हलका करणारी काळजी. हा शब्द आपल्याकडे फार उशिरा कानावर पडतो, म्हणून घाबरवतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच सांगितलं आहे की मुलांच्या बाबतीत ही काळजी आजार कळला त्या दिवसापासून घ्यायची; मूळ उपचार चालू असोत, नसोत. दुखणं, उलट्या, झोप, तुमची झोपसुद्धा, हे सगळं त्यात येतं. ऑक्सफर्डला १९८२ मध्ये मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अशी काळजी घेणारं घर, निघालं, हेलन हाउस. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या नन आणि नर्स. हेलन नावाच्या आजारी मुलीला त्या अधूनमधून आपल्याकडे ठेवून घ्यायच्या, आईवडिलांना विसावा मिळावा म्हणून. त्यातून ते उभं राहिलं. म्हणजे माहेरपणच की! तुम्हाला पुणं जवळ. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे, मोफत. तिथे फोन करून मुलीबद्दल विचारा.

आता गोळी. आजींचं अर्धं बरोबर आहे, मॉर्फिन अफूपासूनच काढतात. पण दुखण्यासाठी मोजून, वेळेवर दिलं तर व्यसन सहसा लागत नाही. शरीराला सराव होतो, म्हणून मनाने एकदम बंद करायचं नाही, एवढंच. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. कागदावर काय लिहिलंय ते बघा आणि ती रडेपर्यंत थांबू नका. शौचाला कडक होतं, त्याचं औषध सोबत दिलंय ना? पहिले दोन-तीन दिवस गुंगी राहील. हाका मारूनही नीट जागी होत नसेल किंवा श्वास मंदावला, तर पुढची गोळी न देता ताबडतोब डॉक्टरांना गाठा. गोळ्या कुलपात ठेवा. आणि मूल गप्प पडून आहे म्हणजे दुखत नाही, असं धरू नका. दुखरं मूल पुष्कळदा खेळणं सोडून निपचित पडतं.

घरी जायचं डॉक्टरांना सरळ विचारा. औषधं आणि फोनवर बोलणारं माणूस असेल तर बरेचदा जमतं. तिला मात्र 'उद्या' म्हणून सांगू नका, उद्याचा हिशेब मुलं चोख ठेवतात. घरी जाऊन काय करायचं, ते तिलाच विचारा. आमच्याकडे एक मुलगी असाच धोशा लावून बसली होती. सगळे डोळे पुसत होते, आणि बाईसाहेबांना शेळीची नवी करडं बघायची होती! मामाने मोबाइलवर दाखवली. चार दिवसांनी ती घरी गेली आणि करडू मांडीवर घेऊन बसली.

हे उत्तर आजींना वाचून दाखवा. पटलं तर सकाळची गोळी त्यांच्याच हातून द्या, गुळाच्या खड्याबरोबर. कडू असते ती.