मतदानाचा हक्क नसताना मिशिगनमधील लांडग्यांच्या शिकारीच्या कायद्याबाबत मी काय करू शकतो?

तुम्ही लिहिले आहे की मिशिगनमध्ये येऊन तुम्हाला तीन वर्षे झाली, मतदानाचा हक्क नाही, आणि लांडग्यांच्या शिकारीचा विषय पुन्हा निघणार असे ऐकून तुम्ही अस्वस्थ आहात. अशा वेळी सह्या, पत्रे, सुनावणी यांचा खरोखर उपयोग होतो का आणि तुमच्यासारख्याने सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी या राज्यात बरीच वर्षे राहतो, येथील नागरिक आहे, आणि 2013 च्या हिवाळ्यात राज्याची राजधानी लान्सिंगमध्ये सह्या गोळा करणाऱ्यांपैकी एक होतो. उपयोग होतो, असेच माझे उत्तर आहे. परंतु तो नेमका कुठे होतो हे उमगायला मला चार वर्षे लागली, म्हणून ती चार वर्षे जरा सविस्तर सांगतो.

या राज्यात 1960 पर्यंत लांडगा मारणाऱ्याला सरकार इनाम देत असे. इनाम बंद झाले तोवर लांडगे जवळजवळ संपले होते. पुढे विस्कॉन्सिनच्या बाजूने ते आपले आपण परत आले. 1989 मध्ये अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मॅकिनॉ पुलाच्या पलीकडच्या उत्तरेकडील जंगलात, तीन लांडग्यांची नोंद झाली आणि 2011 पर्यंत ती संख्या सहाशेच्या पुढे गेली. जानेवारी 2012 मध्ये केंद्र सरकारने या भागातील लांडगा संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून काढला. इथला नियम असा की यादीत असेपर्यंत राज्याला शिकार उघडता येत नाही आणि यादीतून निघाला की सगळा अधिकार राज्याकडे येतो. अकरा महिन्यांत, डिसेंबर 2012 मध्ये, विधिमंडळाने लांडग्याला शिकारीयोग्य प्राणी ठरवणारा कायदा केला.

मिशिगनच्या संविधानात अशा कायद्याविरुद्ध सार्वमत मागण्याची सोय आहे. त्यासाठी तेव्हा सुमारे 1 लाख 61 हजार नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागत होत्या. 'कीप मिशिगन वुल्व्ज प्रोटेक्टेड' या गटाने हे काम हाती घेतले आणि मी त्यात गेलो. लान्सिंग शहर तीन काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, पसरलेले आहे, म्हणून माझ्या क्लिपबोर्डवर तीन वेगवेगळे कागद असत आणि समोरचा माणूस हातमोजा काढून पेन हातात घेत असतानाच मला विचारावे लागे की आपले मतदान इंगहॅममध्ये आहे, ईटनमध्ये की क्लिंटनमध्ये, कारण दुसऱ्या काउंटीच्या कागदावर झालेली सही तेव्हा बाद होत असे. सह्या गोळा करणाऱ्याने स्वतःची सही आणि तारीख सगळ्यात शेवटी टाकायची असते. पहिल्याच आठवड्यात मी एका कागदावर ती आधी टाकून ठेवली होती, आणि लोकांनी थंडीत थांबून दिलेल्या सह्या माझ्या त्या चुकीमुळे पाण्यात गेल्या. त्याचे आजही वाईट वाटते. तरीही मार्चअखेरीस अडीच लाखांहून अधिक सह्या जमा झाल्या, कायदा स्थगित झाला आणि प्रश्न नोव्हेंबर 2014 च्या मतपत्रिकेवर जाणार हे निश्चित झाले.

आम्ही जिंकलो असे मला वाटले होते. मे 2013 मध्ये विधिमंडळाने दुसरा कायदा केला आणि कोणता प्राणी शिकारीयोग्य हे ठरवण्याचा अधिकार नैसर्गिक संसाधन आयोगालाही दिला. हा सात सदस्यांचा आयोग असतो, त्यांना गव्हर्नर नेमतात, आणि मुख्य म्हणजे आयोगाचा निर्णय हा कायदा नसल्यामुळे त्याविरुद्ध सार्वमत मागताच येत नाही. आमच्या अडीच लाख सह्या आपल्या जागी शाबूत राहिल्या आणि निर्णय त्यांच्या शेजारून निघून गेला. गटाने या दुसऱ्या कायद्याविरुद्धही दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या, परंतु तोवर आयोगाने शिकारीचा हंगाम जाहीर केला होता. 15 नोव्हेंबर 2013 पासून सुरू झालेल्या त्या हंगामासाठी 1,200 परवाने विकले गेले आणि 43 लांडग्यांची मर्यादा ठरवण्यात आली. प्रत्यक्षात तिच्या निम्म्याच्या आसपास लांडगे मारले गेले.

त्याच महिन्यातील एक घटना मात्र मला फार मोलाची वाटते. लांडग्यांना यादीतून काढावे म्हणून राज्याच्या सिनेटने 2011 मध्ये केंद्राला पाठवलेल्या ठरावात, एका पाळणाघराच्या अंगणात मुले नुकतीच बाहेर आलेली असताना तीन लांडगे शिरले आणि त्यांना गोळ्या घालाव्या लागल्या, असे वर्णन होते. एमलाइव्ह या वृत्तसमूहाच्या पत्रकारांनी ते तपासले तेव्हा आढळले की लांडगा एकच होता, अंगणात मुले नव्हती आणि तेथे कोणताही लांडगा मारला गेला नव्हता. ठराव मांडणारे सिनेटर टॉम कॅस्परसन यांनी सभागृहात उभे राहून माफी मागितली. गुराढोरांवरील हल्ल्यांचा जो आकडा शिकारीच्या समर्थनार्थ पुढे केला जात होता, त्यातील निम्म्याहून अधिक हल्ले एकाच शेतावर झाले होते, हेही त्याच तपासात बाहेर आले. यासाठी हजारो सह्या लागल्या नाहीत. सरकारी कागद मागवून ते ओळीओळीने वाचणारी माणसे लागली.

2014 मध्ये शिकारी संघटनांनी स्वतःच्या सह्या गोळा करून, आयोगाचा तोच अधिकार कायम ठेवणारा तिसरा कायदा मांडला. नागरिकांनी मांडलेला असा कायदा विधिमंडळाला थेट मंजूर करता येतो, त्यावर गव्हर्नरची सहीही लागत नाही. तो ऑगस्टमध्ये मंजूर झाला. त्यात दहा लाख डॉलरची तरतूद घातलेली होती, कारण शासकीय खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर मिशिगनमध्ये सार्वमत होत नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये मतदान झाले तेव्हा पहिला कायदा सुमारे 55 टक्के आणि दुसरा सुमारे 64 टक्के मतांनी लोकांनी फेटाळला. त्या रात्री आमच्या घरी फोन येत होते, अभिनंदन होत होते, आणि तिसरा कायदा जागेवरच होता.

तो कायदा कसा पडला ते नीट लक्षात घ्या, कारण माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे. त्यात सैन्यातील व्यक्तींना शिकारीचे परवाने विनामूल्य देण्याचे एक कलम होते. त्याला कोण विरोध करणार? परंतु मिशिगनच्या संविधानानुसार एका कायद्यात एकच उद्दिष्ट असावे लागते आणि ते शीर्षकात दिसावे लागते. आमच्या गटाच्या वकिलांनी नेमके यावर बोट ठेवले. वन्यजीवांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाशी या कलमाचा संबंध नाही, आणि ते वगळले असते तर उरलेला कायदा मंजूर झालाच असता असे म्हणता येत नाही, असा निर्णय देऊन अपील न्यायालयाने नोव्हेंबर 2016 मध्ये संपूर्ण कायदा रद्द केला. जे दोन सार्वमतांना साधले नाही ते शीर्षकाशी न जुळणाऱ्या एका कलमामुळे साधले. महिनाभरात विधिमंडळाने ते कलम वगळून चौथा कायदा मंजूर केला आणि आयोगाचा अधिकार परत आणला, हेही सांगायला हवे.

तरीही 2013 नंतर मिशिगनमध्ये लांडग्यांचा एकही शिकार हंगाम झालेला नाही, आणि त्याचे मोठे श्रेय केंद्रीय न्यायालयांना जाते. डिसेंबर 2014 मध्ये एका निकालाने लांडगा पुन्हा यादीत आला. जानेवारी 2021 मध्ये तो पुन्हा बाहेर पडला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये दुसऱ्या निकालाने परत आत आला. मधल्या त्या वर्षभरात शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये काय झाले ते पाहा. तेथील कायद्यानुसार लांडगा यादीतून निघाला की राज्याला शिकार ठेवावीच लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये परवानाधारकांसाठी 119 ची मर्यादा होती, आणि तीन दिवसही पूर्ण होण्याच्या आत 218 लांडगे मारले गेले. ओजिब्वे या तेथील मूलनिवासी लोकांनी आपल्या वाट्याचे 81 लांडगे मारले नाहीत. लांडगा, त्यांच्या भाषेत माइंगन, हा त्यांच्या आदिकथेत पहिल्या माणसाचा भाऊ आहे.

आणखी एका गोष्टीकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले होते. 2014 मध्ये अप्पर पेनिन्सुलातील मतदारांचे बहुमत शिकारीच्या बाजूने होते. तेथे राज्यातील जेमतेम तीन टक्के लोक राहतात, पण लांडगे जवळजवळ सगळे तेथेच आहेत. नंतर मी तिकडे गेलो असता एका गोपालक बाईंनी मला कुंपणाची विजेची तार दाखवली, बर्फ साचून ती जिथे खाली आली होती ती जागा दाखवली, आणि मला विचारले की तुमच्या अंगणात रात्री काय असते. माझ्याकडे उत्तर नव्हते. माझे आजोळ माणदेशातले. शेतात मेंढ्या बसवल्या की धनगर रात्रभर जागा असायचा हे मी लहानपणी पाहिले होते, आणि तरीही लान्सिंगमध्ये सह्या गोळा करताना ते मला आठवले नव्हते. गुरांवर किंवा कुत्र्यावर प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या लांडग्याला मारण्याची मुभा, तो केंद्राच्या यादीत नसताना, 2008 च्या राज्य कायद्यांनीच दिलेली आहे. तिला मी आज विरोध करत नाही. ज्याने कोणाचे काही बिघडवलेले नाही अशा लांडग्याला चामड्यासाठी वा भिंतीवर लावण्यासाठी मारणे मला मान्य नाही, आणि हा फरक बोलताना स्पष्ट केल्यापासून तिकडची माणसे माझे ऐकून तरी घेतात.

आता तुमच्याविषयी. सार्वमताच्या अर्जावर सही करू नका; ती नोंदणीकृत मतदाराचीच लागते आणि तुमची सही तुमच्याच अंगलट येऊ शकते. मोहिमेला पैसे देण्यापूर्वी तुमच्या व्हिसावर ते चालते का, हे जाणकाराला विचारा. बाकीचे दरवाजे उघडे आहेत. आयोगाच्या बैठका खुल्या असतात, आधी नाव नोंदवून तेथे कोणालाही मोजकी मिनिटे बोलता येते, आणि सात माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने मांडलेली एक नेमकी गोष्ट हजार एकसारख्या ईमेलांपेक्षा अधिक ऐकली जाते, असा माझा अनुभव आहे. केंद्र सरकार यादीत बदल सुचवते तेव्हा हरकती मागवते, आणि त्या पाठवायला नागरिकत्व लागत नाही. तयार मजकूर चिकटवू नका. प्रस्तावातील एखादा दावा घ्या, तो कोणत्या पानावर आहे ते लिहा आणि तो का टिकत नाही ते दाखवा, कारण मुद्देसूद हरकतीला सरकारला उत्तर द्यावे लागते आणि खटल्यात न्यायाधीश तीच फाइल वाचतात.

राज्याच्या विधिमंडळात 'लांडगा' हा शब्द असलेले विधेयक आले की बातमीवर थांबू नका, संकेतस्थळावरून मूळ मजकूर उतरवून घ्या. आधी शीर्षक वाचा, मग खर्चाची तरतूद कुठे आहे ते शोधा, मग अधिकार कोणाकडे जातो ते पाहा. एक संध्याकाळ पुरते. त्यानंतर तुमच्या भागातील प्रतिनिधीला फोन करा. मतदान करता येत नसले तरी तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता, आणि कलम क्रमांक सांगून प्रश्न विचारणारा माणूस त्यांच्या कार्यालयाला रोज भेटत नाही.