अब्रुनुकसानी, बदनामी की मानहानी?

चोपड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘आमच्या कॉलेजात अभिरूप संसद भरणार आहे. विषय आहे अब्रुनुकसानीच्या कायद्यात सुधारणा, आणि विधेयक मी मांडणार आहे. नावात अब्रुनुकसानी लिहू, बदनामी लिहू की मानहानी? सर म्हणतात मानहानी हिंदी आहे. आणि अब्रूचं नुकसान म्हणजे नक्की काय? ते काय केळीच्या बागेसारखं मोजता येतं का?’

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून तोच आधी घेतो.

आपल्या भागात नुकसान म्हटलं की वादळ डोळ्यांपुढे येतं. मे-जूनमध्ये वारा सुटतो, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तलाठी पंचनाम्याला येतो आणि किती खोडं पडली ते लिहून घेतो. पण नुकसान हा मुळात अरबी शब्द, आणि त्याचा अर्थ घट, कमी होणं. अब्रू ही फारसी आबरू. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी ती आबरू. मोत्याचं पाणी म्हणतो ना, त्यातलं पाणी. ‘आब राखून वागणं’ यातला आबही तोच. तेव्हा अब्रुनुकसानी म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी उतरणं. बागेपेक्षा विहिरीची उपमा इथे जास्त जवळची आहे. किती पाणी उतरलं ते विहिरीतल्या ओल्या खुणेवरून ओळखावं लागतं, खोडं मोजावीत तसं ते मोजता येत नाही.

हा जोडशब्द आपला स्वतःचा आहे, हेही सांगितलं पाहिजे. फारसी आणि अरबी शब्दांची गाठ मराठीने मारली. उर्दूत याला हतक-ए-इज्जत म्हणतात, हिंदी कायद्यात मानहानि. मराठीने आबरूतला पहिला आ आखडला. अहिराणीत अजून आबरूच ऐकू येते आणि शेजारच्या गुजरातीतही आबरूच.

हे इतकं ठामपणे सांगतो, कारण बरीच वर्षं मी तालुका कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत होतो. एकदा तापीकाठच्या गावातला एक शेतकरी वकीलसाहेबांबरोबर आला. लग्नाच्या पंगतीत चुलतभावाने त्याला सगळ्यांसमोर ‘चोट्टा’ म्हटलं होतं, विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ घेऊन. साहेब सांगत होते, मी टाइप करत होतो: ‘सदर उद्गारांमुळे फिर्यादीची समाजातील प्रतिष्ठा मलीन झाली.’ तो माणूस वाकून कागद बघत होता. म्हणाला, हे मी कुठे बोललो? मग त्याने त्याचं वाक्य सांगितलं: ‘चार लोकेस्मा मन्ही आबरू गयी.’ साहेब थांबले आणि म्हणाले, चार लोक हा शब्द आधी घ्या, खटला त्याच्यावरच उभा आहे.

तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. पुढे कळलं. कोणी तुम्हाला एकट्याला गाठून ‘चोट्टा’ म्हणाला, तर तो अपमान. त्याला दोनच माणसं पुरतात. अब्रुनुकसानीला तिसरा कान लागतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या स्पष्टीकरणात ‘इतरांच्या नजरेत’ माणूस उतरणं हीच कसोटी आहे. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही, १ जुलै २०२४ पासून, तीच आहे. कायद्याने ज्याला इतरांची नजर म्हटलं, ते आपल्या बोलीत ‘चार लोक’.

म्हणून तुमच्या तीन शब्दांची कामं मी अशी वाटून देईन. बदनामी ही कृती आहे: कोणी तरी करतो, छापतो, पसरवतो. अब्रुनुकसानी हा तिचा परिणाम, आणि कायद्याचा विषयही. विधेयकाच्या नावात अब्रुनुकसानीच लिहा. कायद्याच्या मराठीत तोच शब्द रुळलेला आहे. भाषणात मात्र ‘बदनामी करणारा’, ‘बदनामीकारक मजकूर’ असं खुशाल बोला. ‘अब्रुनुकसानी करणारा मजकूर’ हे तोंडात घोळतं.

मानहानी हिंदी आहे हे सरांचं म्हणणं मला पटत नाही. शब्द संस्कृत आहे आणि मराठीत चांगला जुना आहे, फक्त आपण शेवटची ई दीर्घ लिहितो. पण मराठीत त्याचा रोख वेगळा आहे. ‘पंगतीत मला शेवटी वाढलं, माझी मानहानी केली’ असं माणूस म्हणतो, तेव्हा कोणी त्याच्याविषयी काही खोटंनाटं बोललेलं नसतं. दुखावला गेलेला असतो तो मान. कायद्याच्या अर्थाने वापरलात तर ऐकणाऱ्याचा घोटाळा होईल.

आता एका अशा शब्दाबद्दल, जो तुम्ही विचारला नाही पण वादात नक्की येईल. ‘अब्रुनुकसानी गुन्हेगारीमुक्त करा’ असं लिहिलेलं वाचलं की मला खरोखर त्रास होतो. गुन्हेगारीमुक्त गाव म्हणजे जिथे गुन्हे होत नाहीत असं गाव. तुम्हाला म्हणायचं आहे की हा प्रकार गुन्हा मानू नये, दिवाणी दाव्यापुरता ठेवावा. मग ‘अब्रुनुकसानीला फौजदारीतून वगळा’ म्हणा. फौजदारी आणि दिवाणी हे दोन शब्द शेतीच्या बांधावर भांडणाऱ्यालाही कळतात. फौजदारीत फिर्याद आणि आरोपी, दिवाणीत दावा आणि प्रतिवादी. ही जोडी मोडू नका.

विरोधी बाजू ‘खोटी बदनामी’ म्हणाली तर पुनरुक्ती म्हणून हरकत घेऊ नका. फौजदारी कायद्यात खरी गोष्टसुद्धा अब्रुनुकसानी ठरू शकते. नुसतं ‘खरं होतं’ म्हणून सुटका नाही. ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. दिवाणीत खरेपणा हा पुरेसा बचाव आहे. एका ‘खोटी’ या विशेषणात सगळा वाद आहे, आणि तुमचं विधेयक इथेच काही तरी बदलू शकतं.

खऱ्या संसदेतलं थोडं, तुमच्या भाषणाला उपयोगी पडेल म्हणून. १९८८ च्या ऑगस्टमध्ये राजीव गांधींच्या सरकारने अब्रुनुकसानीचं विधेयक लोकसभेत मंजूर करून घेतलं. पत्रकार देशभर रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरात ते मागे घ्यावं लागलं. १३ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी खटल्यात फौजदारी कलम घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. त्यानंतर खासदार तथागत सत्पथी यांनी ते फौजदारीतून वगळण्यासाठी खासगी विधेयक आणलं. ते पुढे गेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने कलम ठेवावं असंच सुचवलं. नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत साधा कारावास किंवा दंड हे कायम आहे. भर पडली ती सामुदायिक सेवेच्या शिक्षेची. इंग्लंडने, जिथून हे कलम आपल्याकडे आलं, स्वतःच्या देशातला फौजदारी प्रकार २००९ च्या कायद्याने काढून टाकला.

माझं मत विचाराल तर बातमी लिहिणाऱ्याला तुरुंगाची भीती असू नये. पण त्या तापीकाठच्या माणसाची आठवण आली की एवढ्यावर थांबता येत नाही. दिवाणी दाव्यात भरपाईचा आकडा लिहावा लागतो आणि त्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. त्याच्याकडे आकडा नव्हता, फीही नव्हती. फौजदारी बंद करणार असाल, तर त्याच्यासारख्याला स्वस्तात दाद मागता येईल असं एक कलम तुमच्या विधेयकात घाला, आणि मसुदा मला पाठवा. शब्द तपासून देतो.

त्या दिवशी साहेबांनी ‘प्रतिष्ठा मलीन’ खोडायला लावलं. मी नवा कागद लावला आणि ‘चार लोकांत’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला घेतले.